पहिलीची बाई आणि चार आधार कार्डं : सत्र सुरू झाल्यावर झालेल्या एका समायोजनाचा प्रकरण अभ्यास

समायोजन म्हणजे एका शाळेत मंजूर पदांपेक्षा जास्त, खात्याच्या भाषेत अतिरिक्त, ठरलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत देणं. हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातल्या एका केंद्रातलं, म्हणजे शाळांच्या एका गटातलं आहे. मी तेव्हा तिथे केंद्रप्रमुख होतो, आता निवृत्त आहे. शाळा, गाव, तालुका, माणसं यांची नावं देत नाही, वर्षही मोघमच ठेवतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, निकष बदलले, त्याआधीची ही गोष्ट आहे, एवढं कळलं की पुरे. दोन शाळांना क आणि ख म्हणू.

पार्श्वभूमी

क हे जुनं शेतीचं गाव. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. शाळा पहिली ते पाचवी. सकाळी साडेनऊला दोन पिवळ्या व्हॅन येतात आणि इंग्रजी शाळांची पोरं भरून नेतात, तरीही शाळेचा पट नव्वदीच्या आसपास टिकून होता. शिक्षक चार. प्रभारी मुख्याध्यापकांकडे चौथी आणि पाचवी, एका ज्येष्ठ गुरुजींकडे तिसरी, एका पायाने दिव्यांग असलेल्या बाईंकडे दुसरी, आणि सेवेत सगळ्यांत कनिष्ठ असलेल्या बाईंकडे पहिली.

ही वाटणी कशी झाली हे नीट पाहा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. जूनमध्ये वर्गवाटपाची बैठक होते आणि पहिली बहुतेक शाळांमध्ये शेवटी उरते. रडणारी पोरं, शी-शू, पेन्सिली हरवणं, वर आईबापांची रोजची हजेरी. ज्येष्ठ मंडळी आपापले वर्ग आधी सांगतात आणि उरलेली पहिली सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. क मध्येही तसंच झालं होतं. फक्त या बाईंना पहिली मनापासून आवडायची. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यापासून गावातल्या आयांचे गट त्यांनीच बांधले होते. पहिलीत १९ मुलं होती.

ख ही शाळा तिथून १७ किलोमीटरवर, औद्योगिक वसाहतीला लागून. तिथे चित्र अगदी उलटं. मध्य प्रदेश, छत्तीसगडकडून आलेल्या कामगारांची मुलं दर महिन्याला वाढायची. मंजूर पदं पाच, काम करणारे शिक्षक तीन. पहिली आणि दुसरी मिळून ६१ मुलं एकाच खोलीत बसायची आणि व्हरांड्यात चपलांचा ढीग दारापर्यंत यायचा.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच. याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे एखाद्या शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत. ख मध्ये पाचातली दोन रिकामी, म्हणजे ४० टक्के. ख ला शिक्षक द्यायलाच हवा होता, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. माझंही नव्हतं.

प्रश्न

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पण पटावर नाव असणं आणि संचमान्यतेत मोजलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या, कारण आधार वैध असलेलीच मुलं धरली जात होती. क च्या पटावर आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला ९३ मुलं होती, वैध ८९. एकाची जन्मतारीख जुळत नव्हती, दोन भावंडांच्या कार्डावर आडनाव वेगळं होतं, आणि एका मुलीचं कार्डच काढलेलं नव्हतं. ९३ ला चार शिक्षक, ८९ ला तीन.

मुख्याध्यापकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. अवैध मुलांची यादी व्हॉट्सॲप गटावर आली तेव्हा ते तिन्ही घरी जाऊन आले होते. पण आधारचं केंद्र तालुक्याला. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि तिथे सर्व्हर बंद असला की दुसरी खेप. त्यात कापूस फुटला होता. वेचणीच्या दिवसांत कोण जातं पोराचं आडनाव दुरुस्त करायला?

पुढची साखळी सरकारी शिक्षकाला पाठ असते. पट, पोर्टल, दुरुस्त्या, कच्ची संचमान्यता, पक्की संचमान्यता, अतिरिक्तांची यादी, आक्षेप, आणि समुपदेशन, म्हणजे यादीतल्यांना बोलावून नवी शाळा देणं. प्रत्येक पायरी चार-सहा आठवडे सरकली आणि आदल्या सप्टेंबरच्या पटावरचा आदेश यंदाच्या ऑगस्टअखेर, एका शुक्रवारी दुपारी निघाला. शाळा जूनच्या शेवटी सुरू झाली होती. पहिलीच्या मुलांना बाईंची सवय होऊन नऊ आठवडे झाले होते.

आमच्याकडे शाळेतला सेवेत सर्वांत कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरायचा. क मधून म्हणजे पहिलीच्या बाई. त्यांना ख देण्यात आली. आदेश हातात पडण्याआधीच त्याचा फोटो गटावर फिरला होता. बाईंचा मला फोन आला. त्या रडल्या नाहीत, त्यांनी एकच विचारलं, "सर, मी अतिरिक्त म्हणजे नेमकी कोणाला जास्त झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो शब्द कागदावर पदाला लागतो, पण ऐकणाऱ्याला तो आपल्यालाच लागल्यासारखा वाटतो.

समोरचे पर्याय

शनिवारी सकाळी मी गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे बसलो होतो. तेव्हा काय काय बोललो ते आठवेल तसं लिहितो.

पहिला मार्ग सरळ होता : आदेशाची अंमलबजावणी, बाई सोमवारी ख मध्ये रुजू. कागद स्वच्छ राहतो, ख चा प्रश्न अर्धा सुटतो.

दुसरा मार्ग आक्षेपाचा. यंदा क चा पट ९२ होता, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने चार शिक्षक. पण आक्षेपाची मुदत आधीच संपलेली, आणि यंदाच्या पटाचा हिशोब पुढच्या संचमान्यतेत. साहेब म्हणाले, "एका शाळेचं ऐकलं की उद्या सगळ्या शाळा दारात उभ्या राहतील." त्यांचं चुकत नव्हतं. अशा ९१, ९२ वाल्या शाळा प्रत्येक केंद्रात सापडतात.

तिसरा मार्ग मीच काढला आणि आज मला त्याची थोडी लाज वाटते. मी म्हटलं, कामगिरी काढू, म्हणजे तात्पुरती नेमणूक. तीन दिवस क, तीन दिवस ख. कामगिरी हे आमच्या खात्यातलं जुनं औषध. कोणत्याही दुखण्यावर चालतं आणि कोणतंच बरं करत नाही. साहेबांनी कलम २५ चं दुसरं पोटकलम काढून दाखवलं : एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावायचं नाही. अपवाद फक्त कलम २७ मधले, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. शिवाय सहा वर्षांच्या पोराला दिवसाआड बाई म्हणजे दोन्हीकडे अर्धवट. तो विषय तिथेच संपला.

चौथा मार्ग, दिवाळीपर्यंत थांबण्याचा. पहिलं सत्र संपेल, सुट्टी लागेल, मुलांनाही तो एक नैसर्गिक खंड वाटेल. मला हा पटत होता. पण ख मध्ये ६१ मुलं एका खोलीत होती, त्यांना आणखी दोन महिने तसंच ठेवायचं कोणाच्या सोयीसाठी? साहेबांनी मला हेच विचारलं. मी गप्प बसलो.

पाचवा मार्ग त्या दिवशी टेबलावर आलाच नाही. क मधून दुसरं कोणी जायला तयार आहे का, हे आम्ही विचारलंच नाही. दिव्यांग बाई बदलीत सवलत असलेल्या विशेष संवर्ग भाग १ मध्ये, त्यांचा प्रश्न नव्हता. मुख्याध्यापकांना हलवण्यात अर्थ नव्हता. उरले तिसरीचे गुरुजी. ते नागपूरहून दुचाकीने येत, आणि ख त्यांच्या घराला क पेक्षा बरीच जवळ होती. समुपदेशनाला फक्त यादीतल्यांना बोलावतात, गुरुजी यादीत नव्हते, म्हणून ते कोणाच्या डोक्यातच आले नाहीत.

काय केलं

पहिला मार्ग घेतला. मुख्याध्यापकांनी तर घाईच केली. वरून विचारणा नको म्हणून शनिवारीच बाईंना कार्यमुक्त करून टाकलं. सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाला कुलूप.

आमच्या भागात शाळेला कुलूप लागणं नवीन नाही, पण या वेळी पुढे बाया होत्या. माझ्या गाडीला हात लावून एक आजी म्हणाली, "काहून जी सर, पोट्टे आत्ता कुठं वाचाले लागले होते न. आमचीच बाई काहून नेऊन राहिले?" मी पटाचा हिशोब सांगायला लागलो. मागून एक जण बोलला, "म्हणजे चार आधार कार्डाच्या पायी बाई गेली म्हना." ज्या भावंडांची आडनावं जुळत नव्हती त्यांचा बाप तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. तो हिशोब मी चारचौघांत सांगायला नको होता.

सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि मी पिंपळाखाली दोन तास बसलो. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण समायोजनाबद्दल समितीला आधी कोणी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. त्यांची मागणी ऐकली तर आदेश रद्द करा ही नव्हतीच. "पोळा तर होऊ द्या" इतकीच होती. बाईंनी पोरांकडून लाकडी नंदी रंगवून घेतले होते आणि तान्ह्या पोळ्याच्या निमित्ताने शाळेत मिरवणूक ठरली होती. पोळा त्याच आठवड्यात होता.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. त्यांनी कार्यमुक्तीची तारीख आठ दिवस पुढे ढकलायला परवानगी दिली, तोंडी. शनिवारचं पत्र मुख्याध्यापकांनी मागे घेतलं आणि कुलूप दुपारी दोनला निघालं.

ते आठ दिवस या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट. दुसरीच्या बाई पहिलीत येऊन बसू लागल्या, कारण पुढे दोन्ही वर्ग मिळून ३६ मुलं त्यांच्याकडेच येणार होती. जाणाऱ्या बाईंनी शंभर पानी वहीत प्रत्येक मुलाला एक पान दिलं. कोणता मुलगा अक्षर ओळखतो पण पाटीवर उलटं काढतो, कोणती मुलगी सगळ्यांसमोर विचारलं की गप्प होते आणि बाजूला घेतलं की घडाघडा वाचते, कोणाला सकाळी पोटात काही नसतं. खात्याच्या कोणत्याही नमुन्यात हे रकाने नाहीत. नंदीची मिरवणूक निघाली, आयांनी बाईंची ओटी भरली, आणि पुढच्या मंगळवारी बाई ख ला रुजू झाल्या.

परिणाम

ख मध्ये सुरुवातच चुकली. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना पाचवी दिली. पाचवीला तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा असायची, वर्ग मोकळा होता, आणि त्यांचं एक स्वतःचं तत्त्व होतं : "नव्या माणसाला पहिली दिली की तो बदलीचा अर्ज करतो." इकडे बाईंचं हिंदी उत्तम, हात पहिलीत बसलेला, आणि ख च्या पहिलीत घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुलं. ज्या गोष्टीसाठी क चं गाव रस्त्यावर आलं, ती ख मध्ये कोणाला ठाऊकच नव्हती, कारण आदेशात नाव, पद आणि शाळा एवढंच असतं. मी ख ला गेलो तो तीन आठवड्यांनी. आधीच जायला हवं होतं. दिवाळीनंतर पहिली आणि दुसरी वेगळी झाली आणि ३३ मुलांची पहिली बाईंकडे आली. त्यानंतर मात्र त्या खोलीत फरक पडला, तो मी दर भेटीत पाहिला.

क मध्ये ऑगस्टात पहिलीतली ११ मुलं दोन अक्षरी शब्द वाचत होती. ऑक्टोबरात मी ऐकलं तेव्हा सात. दुसरीच्या बाईंनी वही समोर ठेवूनच काम केलं, त्यांना दोष देणार नाही. ३६ मुलं, दोन इयत्ता, एक माणूस. दिवाळीनंतर पहिलीतली दोन मुलं व्हॅनच्या शाळेत गेली. बाई गेल्यामुळेच ती गेली असं मी म्हणणार नाही, व्हॅनचा फेरा त्याच वर्षी त्यांच्या गल्लीपर्यंत आला होता. पण त्यातल्या एकाच्या आईने मला सांगितलं, "तिथं निदान बाई तर बदलत नाही." तिथेही बदलतात, हे मला माहीत आहे. तिला ते बोलून काय उपयोग होता?

आणि पगार. कार्यमुक्तीचं पत्र दोनदा निघालं होतं, दोन वेगळ्या तारखांचं. परवानगी तोंडी होती. अंतिम वेतन प्रमाणपत्रावर एक तारीख, सेवापुस्तकात दुसरी, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव जुन्याच शाळेकडे. मधले आठ दिवस ही रजा की हजेरी यावर दोन टेबलांमध्ये कागद फिरत राहिला आणि बाईंचा दोन महिन्यांचा पगार अडला. घरचं कर्ज, लहान मूल, बस आणि शेअर ऑटोचा रोजचा खर्च. गावासाठी मी मिळवलेली सवलत बाईंच्या खिशातून गेली. साहेबांकडून दोन ओळींचं पत्र घ्यायला मला पंधरा मिनिटं लागली असती.

काय वेगळं करता आलं असतं

नोव्हेंबरात तिसरीच्या गुरुजींबरोबर चहा घेताना सहज विषय निघाला. ते म्हणाले, "मला ख चालली असती जी, पण मला कोणी विचारलंच नाही." तुम्ही का बोलला नाहीत, असं मी विचारलं. "आपणहून गेलो असतो तर गुरुजी पळाले असं झालं असतं." दोन्ही गोष्टी खऱ्या. यादी लावण्याआधी त्या शाळेतल्या सगळ्यांना एक कागद फिरवून विचारलं असतं तर गुरुजींना ते पळणं वाटलं नसतं. त्या परिस्थितीत तिसरीचा वर्ग मुख्याध्यापकांना वाटून घ्यावा लागला असता. त्यालाही किंमत होतीच, पण आठ वर्षांचं पोर शिक्षक बदलला तरी वाचायचं विसरत नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट आमच्या भागापुरती. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. समायोजन मुलं येण्याआधी उरकायला हा जादा वेळ आमच्याकडे होता आणि तो आम्ही नुसत्या आढावा बैठकांत घालवला. पक्की संचमान्यता हातात नव्हती हे खरं. पण क चा आकडा ८९ वर अडकलाय हे मला आदल्या डिसेंबरातच दिसत होतं. अतिरिक्त कोण होणार हे सांगायला आदेश लागत नव्हता.

आणि हे दिसत असताना जूनच्या वर्गवाटपात मी हजर होतो. कनिष्ठ म्हणून पहिली, आणि कनिष्ठ म्हणूनच अतिरिक्त, हे दोन नियम एकाच माणसावर येऊन बसताना माझ्या डोळ्यांसमोर घडले. आदेश ऑगस्टात निघाला, पण कोणती १९ मुलं बाईविना राहणार हे त्या बैठकीत ठरलं. तिथे मी एक वाक्य बोललो असतो तर बाई गेल्या असत्या तरी चौथी-पाचवीतून गेल्या असत्या. मुख्याध्यापक कुरकुरले असते हे नक्की.

चार आधारांपैकी तीन फेब्रुवारीपर्यंत दुरुस्त झाले. समिती अध्यक्षांनी स्वतःच्या गाडीतून त्या घरांना एकाच फेरीत तालुक्याला नेलं, रविवारी नव्हे तर बाजाराच्या दिवशी, म्हणजे मजुरीही बुडाली नाही. हे आदल्या ऑक्टोबरात कोणालाच सुचलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये क च्या वर्गवाटपाला मी मुद्दाम गेलो. तीन शिक्षक, पाच वर्ग. मुख्याध्यापकांनी फळ्यावर पहिलीपुढे गुरुजींचं नाव लिहायला घेतलं, कारण दिव्यांग बाई सोडल्या तर आता सेवेत कनिष्ठ तेच. मी म्हटलं, ज्यांना कोणी हलवू शकत नाही त्यांच्याकडे पहिली द्या. सगळ्यांनी दिव्यांग बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "घेते ना. पण पहिलीला खाली बसावं लागते, आणि मी खाली बसली की मला उठवाले दोघं लागतात." समितीच्या पैशातून गुडघ्याएवढ्या उंचीची सहा बाकं आणि एक रुंद स्टूल करून घ्यायचं ठरलं. गावातल्या सुताराने ती पोळ्याच्या आधी दिली, आणि उरलेल्या लाकडाचे नंदी केले.